मनमाडची बाई आणि अमेरिकेतलं फाटक

बंद फाटकाखालून वाकून मी रूळ ओलांडायला निघाले होते. अमेरिकेत, भर बर्फात, चार वर्षांच्या नातीचा हात धरून. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर हे सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा पंचावन्नची होते आणि माझ्याएवढं शहाणं कुणी नाही, अशा थाटात वावरत होते.

त्यात मी मनमाडची. आमच्याकडे फाटक पडलं की बाप्ये सायकल आडवी करून खालून सरकवत, बाया पदर सावरून वाकत, आणि गाडी गेली रे गेली की सगळे पलीकडे. फाटक उघडायची वाट बघत जो उभा राही, तो हमखास परगावचा. गाड्यांचं मला कुणी काही शिकवायचं नाही, असा माझा बाणा होता.

तो दोन हजार तीन-चारचा हिवाळा. लेक-जावई दोघंही नोकरीवर, म्हणून नातीला सांभाळायला मी न्यू जर्सीत गेले होते. घरापासून पाच-दहा मिनिटांवर रूळ. रोज दुपारी आम्ही दोघी गाड्या बघायला जायचो. नातीने त्यांची नावं ठेवली होती: माणसांची गाडी आणि खोक्यांची गाडी. माणसांच्या गाडीला ती हात हलवायची. खोक्यांची आली की माझ्या मागे लपायची. म्हणायची, "आजी, ही संपतच नाही."

त्या दिवशी बर्फामुळे शाळा बंद होती. जावई दौऱ्यावर. लेक ऑफिसला निघताना दारात थांबून म्हणाली, "आई, आज दोघी जाऊ नका हं गाड्या बघायला. अंगणातच स्नोमॅन वगैरे करा."

"बरं बाई," मी म्हटलं. आणि जेवणं झाल्यावर निघालेच. नातीने हट्ट केला असं सांगायची सोय आहे, पण कंटाळा मला आला होता. पंजाबी ड्रेसवर जावयाचं जाकीट, पायात लेकीचे बूट, डोक्याला मफलर. आरशात थेट शेतातलं बुजगावणं दिसत होते.

रूळ ओलांडून पलीकडच्या बाकापाशी गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गेल्यावर थोड्याच वेळात पुन्हा बर्फ पडायला लागला, आणि साधासुधा नाही. समोरची घरं गेली, मग झाडं गेली, मग रूळसुद्धा थोडे पुढे जाऊन पांढऱ्यात बुडाले. बर्फात आवाज मरतो. आपल्याच पावलांचा आवाज येईना, तेव्हा मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं. मागे आमच्या पावलांचे ठसेही बुजत आले होते.

"घरी चल," मी म्हटलं. घाईचं कारण अगदी साधं होतं. थंडीने मला लघवीला लागली होती. जोरात.

फाटकाशी पोचलो आणि नेमकी घंटा सुरू झाली. तांबडे दिवे आळीपाळीने उघडझाप करायला लागले, दांडा खाली आला. पांढऱ्यातून माणसांची गाडी निघाली. खिडक्यांतून पिवळा उजेड, आत माणसं जवळजवळ नाहीतच. नातीने हात हलवला. कुणी हलवला नाही. गाडी गेली.

दांडा मात्र तसाच. घंटा चालू, दिवे चालू. दूर कुठेतरी भोंगा वाजला. तो गेलेल्या गाडीचाच असणार, असं मी ठरवून टाकलं. यंत्र थंडीने गारठलंय, असंही ठरवलं. ठरवायला मी पहिल्यापासून हुशार.

"चल, खालून जाऊ."

"नो, आजी. लाइट रेड आहे."

"अगं, गेली गाडी. दिसली ना तुला?"

"पण लाइट रेड आहे!"

मी वाकले. निम्मी दांड्याखालून पलीकडे, एक हात मागे. तो हात ओढला, तर नातबाई बर्फात फतकल मारून बसल्या. मला राग आला. मी जोरात हिसका दिला आणि लोकरीचा हातमोजा रिकामाच माझ्या हातात आला.

तिच्या उघड्या हाताला थंडी लागेल, एवढंच डोक्यात आलं आणि मी मागे सरकले. दुसरं काहीही कळलेलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला पटवून दिलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, आजीला चाहूल लागली.

आमच्या बाजूच्या दुसऱ्या रुळावरून, गेलेल्या गाडीच्या उलट्या दिशेने, खोक्यांची गाडी आली. दिसायच्या आधी जमीन हलली. मग भोंगा, अगदी कानात. इंजिनाने उडवलेला बर्फ तोंडावर आदळला. मी नातीला पोटाशी घट्ट धरून तिथेच बसले. काळ्या टाक्या, बंद डबे, पुन्हा टाक्या. कुठेही खिडकी नाही, माणूस नाही. खरंच ती संपत नव्हती. घाईचं जे कारण होतं तेही तिथेच उरकलं, जावयाच्या जाकिटाखाली.

शेवटी दांडा आपसूक वर गेला. घरी येऊन कपडे बदलले आणि नातीच्या हातात चकली ठेवून मी हळूच म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं."

"व्हाय?"

उत्तर होतं, ते मला माहीत होतं. लेकीला कळलं तर ती पोर पुन्हा माझ्या स्वाधीन करणार नाही. पण चार वर्षांच्या पोरीला हे सांगायचं कसं? ती चकली न खाता माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मीच सगळं सांगितलं, हातमोज्यापर्यंत. ती कोट न काढताच ऐकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खोलीत जाऊन झोपलेल्या पोरीला बघून आली, खुर्चीत बसली आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागली. तो थांबला नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"आई, उद्याही शाळा बंद आहे आणि मला ऑफिसला जावंच लागणार आहे. तेव्हा नीट ऐक. ती थांब म्हणाली की तू थांबायचंस. कारण विचारायचं नाही."