एका चिठ्ठीचा फरक

ती घटना आठवली की मला आधी पंख्यांचा आवाज आठवतो. उंच छतापासून लांब दांड्यांवर लोंबणारे बारा पंखे, आणि त्यांची पातळ सावली हिरव्या टेबलांवरून फिरत जाणारी. मी त्या वेळी दक्षिण मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांतले बरेच आता पुसट झाले आहेत. ही चौकशी तेवढी राहिली. तीत ना कुणाला अटक झाली, ना आरोपपत्र गेले.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून लेखी अर्ज आला होता. चौदा पुस्तके गहाळ. सगळी जुनी, सगळी इंग्रजी, सगळी समुद्र आणि किनाऱ्यावरच्या दीपगृहांविषयीची, काहींत घडीचे नकाशे. अर्ज घेऊन स्वतः ग्रंथपाल बाई आल्या होत्या. मी त्यांना विचारले, ‘‘कधी गेली?’’

‘‘ते सांगता येणार नाही. निर्लेखनाची यादी केली तेव्हा कळलं.’’

निर्लेखन म्हणजे काय, ते त्यांनी समजावले. जागा अपुरी पडते. वीस वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेले नाही, ते दप्तरातून कमी करायचे आणि रद्दीत काढायचे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी दिले की तिच्यावर शिक्का पडतो. शेवटचा शिक्का वीस वर्षांपूर्वीचा असेल तर पुस्तक यादीत. या चौदांचे शिक्के बावीस वर्षांपूर्वीचे होते, असे संगणकावरची नोंद सांगत होती. रद्दीत काढण्याआधी प्रत्येक पुस्तक हातात घेऊन टिकमार्क करायचा असतो. तो करताना चौदा कमी भरली.

‘‘मॅडम, जी रद्दीतच जाणार होती, त्यांच्यासाठी गुन्हा?’’ आमच्या हवालदारांनी न राहवून विचारले.

‘‘रद्दीत काढलेलं दप्तरात दाखवता येतं. चोरीला गेलेलं मला भरून द्यावं लागतं. आणि तुम्हाला माहीत नसेल, अशा नकाशांना बाहेर गिऱ्हाईक असतं.’’

कपाटांच्या भागात वाचकांना प्रवेश नव्हता. त्या विभागात जायचा तो एकच माणूस. पुस्तके काढून आणणारा आणि परत जागेवर लावणारा परिचर. सगळे त्याला तात्या म्हणत. काळाचौकीला चाळीत राहणारा, मूळचा मालवणकडचा. नोकरी एकतीस वर्षे, निवृत्तीला आठ महिने बाकी. बाईंचा संशय त्याच्यावर होता. दारावर कॅमेरा होता, पण कर्मचाऱ्यांच्या पिशव्या तपासायची पद्धत नव्हती.

मी गुन्हा लगेच नोंदवला नाही. प्राथमिक चौकशी म्हणून स्टेशन डायरीत नोंद केली. कारण साधे होते. सेवेतला माणूस अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की निलंबित होतो. आठ महिने उरलेल्या माणसाचे निलंबन म्हणजे त्याने खाली मान घालून घरी जायचे. पुढे निर्दोष सुटला तरी चाळ ती मान विसरत नाही.

दोनच दिवसांत खबर आली. लालबागच्या एका रद्दीवाल्याने आमच्या हवालदारांना सांगितले, ‘‘एक म्हातारा येऊन गेला. विचारत होता, लायब्ररीची जुनी पुस्तकं रद्दीत निघतात ती कुणाकडे जातात. मोठा व्यापारी कोण, त्याचा पत्ता काय.’’ वर्णन तात्याशी जुळत होते.

‘‘झालं साहेब, गिऱ्हाईक शोधतोय,’’ हवालदार म्हणाले.

मलाही तसेच वाटले. तरी उचलण्याआधी बघावे म्हणून साध्या वेशात, वाचक म्हणून, मी ग्रंथालयाच्या वाचनाच्या हॉलमध्ये, त्या बारा पंख्यांखाली, तीन दिवस बसलो. सोमवार, मंगळवार, बुधवार.

दारात रखवालदाराच्या वहीत सही करायची, पिशवी ठेवायची. आत काउंटरवर मागणीची चिठ्ठी भरायची, एका वाचकाची दिवसाला एकच. चिठ्ठीशिवाय हॉलमध्ये बसता येत नाही. स्वतःची पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका वेगळी. तात्या चिठ्ठी घेऊन आत जाई आणि पुस्तक दोन्ही हातांनी धरून आणून टेबलावर ठेवी. परत दिले की चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून तुमच्या हातात, उरलेला अर्धा काउंटरवर. माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला पुस्तक घरी मिळत नाही. ते शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांनाच.

पाळतीवर बसलो की माणसे मोजायची मला सवय आहे. त्या हॉलमध्ये मात्र मोजता मोजता लक्ष विरघळू लागले. समुद्र तिथून दिसत नाही, पण दुपारी तीनच्या सुमारास खिडक्यांतून त्याचा ओलसर वारा येतो. पाने आपोआप उलटतात. उन्हाची एक पट्टी जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायाशी येते, वर चढते, कुणाच्या तरी मनगटावर थांबते. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या केसांच्या एक बाई मोठ्या वहीत काहीतरी उतरवत होत्या. लिहिताना मध्येच डोळे मिटायच्या, ओठ हलायचे, बोटे टेबलावर हलकेच टेकायची. एक, दोन, थांबा. एक, दोन, थांबा. मला वाटले, जप करत असतील. कबुतरे घुमत होती. माझ्यासमोर पुस्तक उघडे होते, आणि आपण ठाण्याचे की या हॉलचे, ते काही वेळ मला सांगता आले नसते. तात्या मात्र एकदाही वावगे वागताना दिसला नाही.

गुरुवारी त्याला ठाण्यात बोलावले. पोलिसाला घाबरलेला माणूस खूप बोलतो. तात्या खुर्चीच्या कडेवर बसला आणि चहा निवेपर्यंत गप्प राहिला.

‘‘तात्या, पुस्तकं तुम्ही नेलीत?’’

‘‘पुस्तक गेटाभायर गेला नाय, साहेब. एकपण नाय.’’

‘‘मग कुठे आहेत?’’

गप्प.

‘‘रद्दीवाल्याकडे कशाला गेला होतात?’’

गप्प.

हवालदारांनी आपला सूर लावला. ‘‘अहो तात्या, आठ महिने राहिले ना? बोला की. गणपतीला गावाला जायचंय की आमच्याकडे आरती करायचीय?’’

तात्याने त्यांच्याकडे पाहिले. ‘‘माका अटक करूची आसात तर करा. पण चार म्हयने थांबा. चार म्हयन्यांनी सगळा सांगतंय.’’

एवढ्या वर्षांत मला कुणी अटकेसाठी मुदत मागितली नव्हती. मी त्याला घरी पाठवले. ग्रंथपाल बाईंचा फोन आला, ‘‘सोमवारपर्यंत गुन्हा नोंदवणार नसाल तर मी वर अर्ज करते.’’ त्यांचेही चुकत नव्हते.

शुक्रवारी सकाळी घरी चहा घेताना खिशातली डायरी उघडली. तिन्ही दिवसांची माझी टिपणे होती. हॉलमध्ये आलेले वाचक: सोमवारी एकतीस, मंगळवारी सव्वीस, बुधवारी अठ्ठावीस. बंद होताना काउंटरवरचा कारकून दिवसाच्या चिठ्ठ्या मोठ्याने मोजून वहीत लिही, तेही मी टिपले होते. तीस, सव्वीस, सत्तावीस. सोमवारी एक कमी, बुधवारी एक कमी. मंगळवारी बरोबर. आणि मंगळवारी कोपऱ्यातले टेबल रिकामे होते.

चिठ्ठीशिवाय बसता येत नाही, तर त्या बाई काय वाचत होत्या?

मी ग्रंथालयातून रखवालदाराची वही आणि काउंटरची वही, दोन्ही मागवल्या. एक दारात असते, दुसरी आत. एकावर सही असते, दुसरीवर आकडा. या दोन वह्या कधी कुणी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. मी आणि हवालदार दुपारभर सहा महिन्यांचा मेळ घालत बसलो.

‘‘साहेब, आपण चोर पकडतोय की दहावीचे पेपर तपासतोय?’’ हवालदार म्हणाले.

‘‘वाचा पुढचा आकडा.’’

काही ठिकाणी रखवालदाराच्या चुकाही निघाल्या. पण चित्र स्पष्ट होते. सुरुवातीला हिशेब जुळत होता. एका दिवसापासून फरक सुरू झाला, आणि कोपऱ्यातल्या त्या बाईंची सही, रखवालदाराने ओळखून दिलेली, असेल त्या दिवशी एक चिठ्ठी कमी. नसेल त्या दिवशी मेळ बरोबर. मी ग्रंथपाल बाईंना फोन करून विचारले, त्या तारखेला ग्रंथालयात काय झाले होते? त्यांनी कागद चाळले. निर्लेखनाची यादी त्याच दिवशी सूचनाफलकावर लागली होती.

शनिवारी गणवेशात गेलो. त्या बाई जागेवर होत्या. समोर तीन पुस्तके. मी बसून नम्रपणे विचारले, ‘‘बाई, चिठ्ठी दाखवता?’’

‘‘चिठ्ठी?’’ त्यांनी चष्मा वर केला. ‘‘तात्या म्हणाले, आता भरायची गरज नाही. रोज तीच पुस्तकं लागतात, मी टेबलावर ठेवत जाईन. का हो, काही चुकलं का?’’

बाई गिरगावच्या. वडील दीपगृहावर नोकरीला होते. दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे लहानपण कोकणच्या किनाऱ्यावर एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत गेलेले. संसार, नोकरी, सासूबाईंचे आजारपण, सगळे उरकल्यावर त्या इथे येऊ लागल्या. नऊ वर्षे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दिव्याची जुनी हकिगत त्या मराठीत उतरवत होत्या.

‘‘प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणी दर दहा सेकंदांनी एकदा, कुणी वीस सेकंदांत दोनदा. खलाशी अंधारात नुसतं मोजतो आणि त्याला कळतं, आपण कुठे आहोत. अजून चार महिन्यांचं काम आहे.’’

म्हणून टेबलावर बोटे टेकत होती. मी जप समजलो होतो.

मी वर पाहिले. तात्या ट्रॉलीला धरून उभा होता. ग्रंथपाल बाईही आल्या होत्या. मी एक पुस्तक उलटे केले आणि तारखांची चिठ्ठी सर्वांना दाखवली. शेवटचा शिक्का बावीस वर्षांपूर्वीचा.

‘‘हे कसं?’’ त्या बाई म्हणाल्या. ‘‘मी नऊ वर्षं रोज वाचतेय हे पुस्तक.’’

ग्रंथपाल बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘हॉलमध्ये वाचलेल्याचा शिक्का पडत नाही. घरी नेलं तरच.’’

‘‘आणि मला घरी मिळत नाही.’’

‘‘नाही.’’

मग तात्या बोलला. ‘‘यादी लागली तवा म्यां नंबर बघितले. सगळी हेंचीच. यादी वरच्या सायबाची, माझा कोण ऐकतलो? म्हणान ठेवलंय बाजूक. सांगितलंय आसता तर पुस्तका सापडली आसती आणि रद्दीत गेली आसती. हेंचा पुरा होवंदे, मगे माका काय करूचा ता करा.’’

‘‘आणि रद्दीवाला?’’

‘‘यदाकदाचित गेलीच, तर खंय जातत ता ठावक नको?’’

कार्डांची सूची असलेले जुने लाकडी कपाट हॉलच्या टोकाला होते. संगणक आल्यापासून ते कुणी उघडत नव्हते. तात्याने त्याचा खालचा खण उघडला: आत उरलेली अकरा, टेबलावरची तीन. दोन पंचांसमक्ष पंचनामा केला: चौदा पुस्तके आवारातच सुस्थितीत मिळून आली. ग्रंथपाल बाईंनी अर्ज मागे घेतला. नियम मोडला म्हणून तात्याला लेखी ताकीद दिली, ती त्याने दोन्ही हातांनी घेतली.

पण पुस्तके यादीतच होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘‘मला वाईट वाटतं, पण नियमाला मी काय करू?’’

‘‘नियमावलीची एखादी प्रत आहे का?’’

मी ती तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचली. कायद्याच्या माणसाला एवढे यायला हवे. कर्मचाऱ्यांना एका वेळी दोन पुस्तके, पंधरा दिवसांसाठी, घरी नेता येतात. कोणता कर्मचारी, ते लिहिलेले नव्हते.

‘‘तात्या, एकतीस वर्षांत किती पुस्तकं घरी नेलीत?’’

‘‘म्यां? एकपण नाय. माका विंग्रजी खंय येता, साहेब.’’

‘‘वाचता आलंच पाहिजे असं यात कुठे लिहिलेलं नाही.’’

ग्रंथपाल बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी स्वतः शिक्का उचलला. दोन-दोन करून चौदा पुस्तके, सात फेऱ्या, प्रत्येकी पंधरा दिवस. फार तर एकशे पाच दिवस. हिशेब मी तिथेच करून दिला. त्या बाई न येण्याच्या दिवशी पुस्तक न्यायचे, त्या यायच्या आत आणायचे, हे तात्याने आपले आपण ठरवले.

या चौकशीने मला एक कामाची गोष्ट शिकवली: दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय माणसावर हात टाकायचा नाही. गप्प बसलेल्याला मी तोवर गुन्हेगार किंवा घाबरट समजत असे. कुणाचे तरी काम पुरे होईपर्यंत गप्प बसणारा तिसरा प्रकार मला तोवर भेटला नव्हता.

तात्या वेळेवर, ताठ मानेने निवृत्त झाला आणि गावी गेला. त्या बाईंची वही पुरी झाली. मीही आता निवृत्त आहे. दादरहून आठवड्यातून दोनदा त्या हॉलमध्ये जातो, चिठ्ठी भरतो, उन्हाची पट्टी सरकताना पाहतो. पुस्तके जागेवर आहेत. चौदाही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर बावीस वर्षांच्या पोकळीनंतर एकेक निळा शिक्का आहे.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी फोन आला. पलीकडे वारा होता, म्हणून आवाज तुटत होता.

‘‘साहेब, तात्या बोलतंय. आमच्या गावच्या दिव्याचा बाईंनी लिवलेला ना, दर दहा सेकंदाक एक?’’

‘‘असेल. का हो?’’

‘‘आंगणात बसान घड्याळ लावन मोजलंय. बाईंका सांगा, बरोबर आसा.’’