वासराला माती

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून वेल्ह्याकडे बदली झाल्याचं कळलं तेव्हा बायकोनं सामान बांधायच्या आधी मला बजावलं, "तिथं तोंड जरा आवरा. बार्शीत भांडलात तर सोडवायला चार लोक धावून येतात. तिथं कोण आहे आपलं?" मी जनावरांचा डॉक्टर. सरकार पाठवील तिथं जायचं, त्यात नवं काही नव्हतं. नवं एवढंच होतं की मार्गासनीच्या पुढं ज्या गावात माझा दवाखाना होता तिथं, आणि आजूबाजूच्या वाड्यांतही, आम्ही सोडून दुसरं मुसलमानाचं घर नव्हतं. शुक्रवारच्या नमाजाला जायचं तर थेट भोर गाठायचं.

खोली शोधताना पहिल्या घरी नाव विचारलं. मी सांगितलं. लगेच त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं आणि खोली पाहुण्यांना लागणार होती. दुसऱ्या घरी नाव ऐकून आधी पाणी दिलं, मग तेच सांगितलं. तिसऱ्या घरचा म्हातारा एसटीतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "नाव ऱ्हाऊ द्या, माझी म्हस चार दिस वैरण खाईना, ती बघा आदी." म्हैस बघितली, औषध दिलं, ती संध्याकाळी रवंथ करायला लागली आणि आम्हाला खोली मिळाली. बायको अजून म्हणते, "माझ्या नवऱ्याला घर म्हशीनं दिलं."

लोक वाईट नव्हते. हे मला मुद्दाम म्हणावं लागतं, याचाच मला राग येतो. गणपतीत आम्हाला प्रसाद यायचा, बायकोचा शीरखुर्मा शेजारी वाटीभर मागून न्यायचे. पण मी नसरापूरहून कोंबडी आणायचो ती पारदर्शक पिशवीतून. काळी पिशवी कुणी दिली तर मी ती परत करायचो. कोंबडीचे पाय बाहेरून दिसले पाहिजेत, म्हणजे कुणाला शंका नको. आणि एक शब्द मी त्या भागात कधी तोंडातून काढला नाही. बैलाच्या खांद्याची गाठ असो की म्हशीचा सडलेला खूर, मी 'काढतो' म्हणायचो, 'साफ करतो' म्हणायचो. 'कापतो' कधी म्हणालो नाही. बायको कांदा चिरता चिरता हसायची, "तुम्ही तर फार घाबरट निघालात!" मग तिचंही हसू ओसरायचं. मोबाईलवर रोज कुठली ना कुठली क्लिप फिरत असायची, कुठल्या तरी गावात कुणाला तरी गाडी अडवून मारलेलं. ती आम्ही दोघंही बघत होतो आणि गावही बघत होतं. चहाच्या टपरीवर मी गेलो की कधी कधी बोलणं एकदम पावसापाण्यावर यायचं.

तो दिवस उन्हाळ्यातला. दुपारी फोन आला. पालीच्या अलीकडं, राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत एक बाई राहायची. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन भोरला. गडावर येणाऱ्या पोरांना ती पिठलं-भाकरी करून घालायची आणि तिची एक जर्सी गाय होती. मी पहिल्यांदा तिच्या गोठ्यात गेलो तेव्हा तिनं तोंडावरच विचारलं होतं, "डॉक्टर, तुमी मुसलमान ना? मंग तुमी गायीचं बघता, ते तुमच्यात चालतं व्हय?" मी म्हणालो होतो, "चालतं मावशी. लाथ खाल्लेलीपण चालते." ती हसली नव्हती. त्यानंतर मी कधीही गेलो तरी ती गोठ्याच्या दारात उभी राहून माझ्या हाताकडं बघत असायची. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

फोनवर तिचा आवाज फाटला होता. "गाय अडलीय. रातीपास्नं कळा देतीय. या लवकर."

गेलो तर गोठ्यापुढं माणसंच माणसं. गाय आडवी पडलेली, वासराचे पुढचे दोन पाय बाहेर, त्याला कासरा बांधलेला. सकाळपासून सगळ्यांनी मिळून ओढलं होतं. वास दुरूनच कळत होता. माझा परिचर रजेवर, मी एकटा. हात धुतले, तेल लावलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. वासरू मेलेलं होतं. मान मागं, बरगडीकडं मुडपलेली. नुसतं ओढून ते कधीच निघालं नसतं, गायच फाटली असती. आतलं पाणी आटलेलं, सूज आलेली. संध्याकाळपर्यंत गाय गेली असती.

मी हात बाहेर काढला आणि मावशीला सांगितलं, "वासरू गेलंय. मान सरळ होत नाही. ते आतल्या आत सोडवून दोन भागांत काढावं लागेल. मग गाय वाचेल."

गर्दीतून तिचा पुतण्या पुढं आला. तिशीचा, गळ्यात भगवा पंचा, वाडीत त्याच्या शब्दाला वजन होतं. म्हणाला, "म्हंजी कापायचं?"

तो शब्द मी एवढे दिवस जपून टाळलेला, त्यानं तो सगळ्यांसमोर माझ्या पुढ्यात आणून ठेवला. आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या हातात मोबाईल होता, माझ्याकडं रोखलेला.

मला पळून जायचं होतं. हे मी सरळ सांगतो. त्या मोबाईलमध्ये काय दिसणार ते मला आधीच दिसत होतं. रक्तानं भरलेले माझे हात, गाय, वासराचं मुंडकं आणि खाली माझं नाव. वासरू आधीच मेलेलं होतं हे त्या क्लिपमध्ये कुणी सांगणार नव्हतं. मी हात पुसत मोटारसायकलपाशी गेलो आणि भोरच्या वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या नावाची कुणाला काही अडचण नव्हती. ते म्हणाले, मीटिंगमध्ये आहे, सकाळी येतो, तोवर सलाईन लाव. सकाळी! मी म्हणालो, "साहेब, सकाळी गाय नसेल." ते म्हणाले, "मग तू बघ ना, तुला येतं की." येतं. येत होतं हीच तर पंचाईत होती.

किल्ली माझ्या हातात होती. 'मोठ्या डॉक्टरांना बोलवलंय' एवढं म्हणून निघालो असतो तर कुणी अडवलं नसतं, उलट सुटकेचा निःश्वास टाकला असता. बायको घरी एकटी. आज काही झालं तर तिला कळवणार कोण, हा विचारही आला. तेवढ्यात गायीनं दात खाल्ले. जनावर वेदनेनं दात खातं तो करकर आवाज ज्यानं ऐकलाय त्याला विचारा. मी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पेटी घेऊन परत आलो.

शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. मग पेटीतून नळी काढली. एक लांब लोखंडी नळी असते, तिच्यातून काटेरी तार ओवायची. तारेचा फास आत वासराच्या मानेभोवती टाकायचा, नळीचं तोंड आतूनच हातानं दाबून धरायचं, म्हणजे गायीला इजा होत नाही. आणि तारेची दोन्ही टोकं बाहेरच्या माणसानं आलटून पालटून ओढायची, करवत ओढतात तशी. डॉक्टरचा हात आत अडकलेला असतो. ओढणारा दुसराच लागतो.

मी विचारलं, "तार कोण ओढणार?"

कुणी पुढं येईना. सकाळपासून कासरा ओढून ज्यांच्या हाताला फोड आले होते तीच माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुतण्या म्हणाला, "गायीच्या पोटातलं कापायचं पाप आमच्यातलं कुनी घेनार न्हाई. आन् तुमच्या हातनं तर म्या व्हऊच देनार न्हाई."

"मग गाय मरू द्यायची?" माझा आवाज चढला.

"तिचं नशीब."

गर्दी माझ्या पाठीमागं उभी होती आणि बाहेर पडायची वाट तिच्यातूनच जात होती. कुणीतरी मागून "बरोबर हाय" म्हणालं.

तेव्हा मावशी बोलली. इतका वेळ ती गायीच्या तोंडाशी बसून होती. "गाय कुनाची हाय रं?"

"काकू, तू गप बस. लोकं काय म्हनतील?"

"मुडद्या, लोकं सकाळधरनं हितं हुबी हायती. येकानं तरी तिच्या तोंडाला पानी लावलं का? सरक तिकडं." तिनं पदर कमरेला खोचला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तारेच्या मुठी हातात घेतल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगा कसं वढायचं ते. पाप लागंल ते मला लागंल."

मी फास टाकला. कसं जमलं मला कळलं नाही, बोटं सुन्न झाली होती. "लांब ओढा मावशी. झटके नको. लांब, पूर्ण." ती ओढायला लागली. करर, करर. तार तापते, नळी थरथरते, गाय कळ देते तेव्हा आतला हात चेमटून निघतो. मावशी रडत होती आणि तोंडानं कुणाला तरी शिव्या देत होती, देवाला की पुतण्याला की मला, कोण जाणे. पुतण्या मोबाईल धरून वाकला, अगदी माझ्या खांद्यापाशी.

आणि माझा राग सुटला. इतके महिने पोटात दाबलेला. मी ओरडलो, "घ्या! नीट घ्या क्लिप! माझं तोंड घ्या, तुमच्या काकूचे हात घ्या, हिच्या पोटात मेलेलं पोर आहे तेपण घ्या! आणि घेऊन झालं की तो मोबाईल खिशात घाला आणि इकडं येऊन कासरा धरा!" ओरडलो आणि लगेच वाटलं, संपलं. आता काही खरं नाही. मग मागून एक गडी आला, त्यानं चपला काढल्या आणि वासराच्या पायांचा कासरा धरला. पुतण्यानं मोबाईल खाली केला नाही.

तार मानेतून आरपार सुटली. मुंडकं आधी आलं, मग धड. मग वार पडली. गाय लांब श्वास टाकून निपचित पडली. मी औषधं घातली, सलाईन लावलं. उन्हं कलायच्या आत तिनं मान उचलली आणि मावशीनं धरलेल्या घमेल्यातून पाणी प्यायली. कुणीतरी "जित्ती हाय, जित्ती हाय" म्हणालं. मी भिंतीला टेकून बसलो.

माझे हात धुऊन होतात न होतात तोच पुतण्या खताचं रिकामं पोतं घेऊन आला. वासराचं ते सगळं त्यात भरलं, तोंड बांधलं आणि म्हणाला, "डॉक्टर, जाताना तुमी गाडीवरनं न्या. खाली वढ्याला टाका कुटंबी."

माझ्या मोटारसायकलच्या मागं रक्त गळणारं पोतं, आत दोन तुकडे केलेलं वासरू, आणि पुढं मार्गासनीपर्यंतचा रस्ता. त्याला हे कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तो साधेपणानंही म्हणाला असेल. मी म्हणालो, "नाही. इथंच. मावशीच्या रानात, आत्ता, सगळ्यांसमोर." खड्डा खणेपर्यंत मी उभा राहिलो. पोतं माझ्यासमोर उघडायला लावलं. वासरू खाली ठेवलं, मावशीनं वरून मीठ टाकलं, माती पडली, दगड रचले. माझं काम कधीच संपलं होतं. तरी मी शेवटचा दगड बसेपर्यंत हललो नाही. माणसं एकेक करून पांगली. पुतण्या गेला. त्याच्या मोबाईलमध्ये काय होतं आणि ते कुणाला गेलं, मला आजतागायत ठाऊक नाही.

आम्ही दोघंच उरलो. मावशी म्हणाली, "आमच्यातला डॉक्टर बी इतका थांबला नसता. वासराला माती द्येस्तवर थांबलात."

हे ऐकून घ्यायला काय जात होतं? गुमान ऐकून घेतलं असतं तर वाडीभर माझं नाव झालं असतं. पण मला खोटी शाबासकी सोसेना. मी म्हणालो, "मावशी, मी वासरासाठी थांबलो नाही. उद्या कुणी म्हणू नये की मी पोत्यातून काही नेलं, म्हणून थांबलो. मला भीती वाटली. अजून वाटतेय."

ती जराही दचकली नाही. "म्हाईत हाय मला," म्हणाली. "न्हाईतर म्या अजून हात का धुतलं न्हाईत?"

तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. कोपरापर्यंत रक्त, वाळून काळं पडलेलं, बांगड्यांच्या फटीतसुद्धा.

"जानाऱ्या येकायेकाच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. म्हनलं, बगून जावा नीट. उद्या कुनी बोलायला लागलं तर कुनी कापलं ते समद्यांनी बघितलेलं असू द्या."

हौदापाशी बादली होती, ती मी भरून आणली. "धुवा आता," म्हणालो. तिनं हात पुढं केले आणि मी पाणी ओतायला लागलो. रक्त फार वाळलं होतं, निघायला वेळ लागला.