अर्धी गुलाबी, अर्धी पांढरी

आमच्या मेडिकलमध्ये गोळ्यांचा स्टॉक अधूनमधून संपतो, किस्स्यांचा मात्र कधीच संपत नाही! लग्न होऊन साखरखेर्ड्याला आले, डी.फार्म. झालेलंच होतं, सासऱ्यांनी दुकानाची किल्ली हातात दिली. तेव्हापासून काउंटरवर जे जे ऐकलं, त्यातले निम्मे किस्से एकाच गोळीचे आहेत.

ती गोळी बीपीची. एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने पांढरी. दोन औषधं एकत्र केलेली, म्हणजे दोन गोळ्यांचं काम एकीत. आमचे डॉक्टरसाहेब बऱ्याच जणांना हीच लिहून देतात. रोज सकाळी एक घ्यायची, बस. एवढ्या सोप्या कामातही माणसं काय काय करतात, ते ऐका!

*

दुकानासमोरच्या बाकावरचे सगळ्यात जुने मेंबर म्हणजे प्रल्हादबापू. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. बोथ्याच्या घाटात पावसाधुक्यात गाडी काढलेला माणूस, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरचा उंबरठासुद्धा पायाने चाचपून ओलांडायचे.

ऑपरेशनसाठी पिशवी भरून बुलढाण्याला गेले आणि तीच पिशवी घेऊन संध्याकाळी परत आले. बीपी जास्त निघालं. ते खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

बापू बाकावर बसले आणि म्हणाले, "पुऱ्या नोकरीत अर्ध्या रस्त्यातून गाडी वापस आणली नाही म्या. अन् मलेच वापस पाठवलं!"

सगळे हसले. मी मात्र ती न उघडलेली पिशवी बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरसाहेबांकडे पाठवलं, आणि त्यांनाही तीच दोन रंगांची गोळी सुरू झाली.

*

बाकावरचे दुसरे मेंबर युसूफचाचा, टेलर. त्यांना आधी दोन वेगवेगळ्या गोळ्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी त्या बंद करून ही दोन रंगांची सुरू केली. चार दिवसांनी चाचा भिंत धरून दुकानात आले. "बेटा, मशीनवर बसलो का सुईच्या दोन सुया दिसतात!"

बीपी पाहिलं तर भलतंच खाली. विचारलं, "चाचा, नवी गोळी किती घेता?"

"एकच!"

"आणि जुन्या?"

"त्या बी. घरात दोन पाकिटं उरली होती नं!"

मी कपाळावर हात मारला. चाचा शांतपणे म्हणाले, "कपडा उरला तं आमी फेकतो का? थैली शिवतो!"

उरलेली पाकिटं मी त्याच दिवशी काढून घेतली आणि चाचांना डॉक्टरसाहेबांकडे पाठवलं. सुई परत एक झाली.

*

तिसरे मेंबर गुरुजी. गणित शिकवायचे. यांची गोळी नियमित, पथ्य नियमित, पण दवाखान्यात तपासणीला गेले की बीपी वर! डॉक्टरसाहेब डोस वाढवायला निघाले, तेव्हा गुरुजींनी दुकानात येऊन मला हळूच सांगितलं, की तपासणीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी ते गोळीच घेत नाहीत.

"काऊन हो गुरुजी?" बापूंनी बाकावरून विचारलं.

"अरे, गोळी घेऊन बीपी मोजणं म्हणजे कॉपी करून पास होणं!"

मी म्हटलं, "गुरुजी, हा पेपर पुस्तक उघडं ठेवूनच सोडवायचा असतो!" तेव्हा कुठे पटलं त्यांना.

*

आणि बापू दुसऱ्यांदा परत आले! तीच पिशवी, तेच कारण. या वेळी बाकावर कोणी हसलं नाही. बापू म्हणाले, "ताई, आता मले कोनाचं तोंडच दिसत नाही. आवाजावरून वळखतो."

मी चिडले. खरं सांगायचं तर घाबरले होते. "बापू, गोळी रोज घेता ना?"

"एसटीचा टाइम चुकंन, गोळीचा नाही!"

खोटं म्हणावं, तर पाकीट बरोबर तारखेला संपत होतं. एक गोळी इकडची तिकडे नाही. मला काही सुधरेना.

मग एक दिवस बापूंच्या मिसेस, कमळामावशी, एकट्याच आल्या. आजूबाजूला बघून म्हणाल्या, "ताई, पांढरी बाजू लय कडू लागते वो. आमच्या यायले पांढरी देल्ली अन् गुलाबी म्या घेतली, तं चालते का?"

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही घेता?"

"हाव! मले बी चक्कर येते कदीमदी. एका गोळीत दोन दवा, अन् आमी दोघं. अडकित्त्यानं बरोबर मधातून कापतो!"

या घरात चहासुद्धा असाच व्हायचा. कप बापूंना, बशी मावशींना. तोच नियम गोळीला!

मावशींचं बीपी पाहिलं, तर तेही चांगलंच वाढलेलं. आजवर कोणी मोजलंच नव्हतं. दोघांनाही धरून डॉक्टरसाहेबांकडे नेलं. बापूंना अख्खी गोळी, मावशींना त्यांची वेगळी. अडकित्ता पुन्हा सुपारीच्या कामाला लागला.

*

तिसऱ्या खेपेला पिशवी बुलढाण्यात उघडली!

काही दिवसांनी दोघं दुकानात आले. बापूंच्या डोळ्यांवर काळा चष्मा. तो कपाळावर सरकवून त्यांनी मला निरखून पाहिलं. "ताई? तुमीच का ताई? माह्या पोरीहून लहान हा तुमी! म्या तं आवाजावरून पन्नाशीची बाई समजून भेत होतो!"

बापूंचं बीपी मोजलं, एकदम छान. मग म्हणाले, "आता हिचं पाहा."

मावशी स्टुलावर बसल्या. महिनाभर त्यांचं बीपी अगदी नीट होतं, म्हणून मी निर्धास्त. बापू समोर उभे राहून मावशींच्या तोंडाकडे बघत होते. नुसते बघत होते.

आकडा वर! थांबून परत मोजलं. आणखी वर!

"मावशी, आज गोळी राहिली का?"

मावशींनी पदर तोंडावर ओढला. "घेतली वो ताई, पुरी घेतली. पन पयले यायले तिकडे तोंड कराले लावा!"