हात दाखवा, ताई

"हात दाखवा, ताई," असं म्हणून ते काउंटरवर वाकायचे. ज्योतिष्यासारखा तळवा नको असायचा त्यांना, हात पालथा हवा असायचा. चष्मा कपाळावर सरकवून, बोटही न लावता, ते लांबूनच बघायचे की काटा आलाय का. नसायचाच. मग चष्मा खाली यायचा आणि ते म्हणायचे, "नाही आला. बरं, पुढचं पान."

पहिल्या दिवशी मी हात मागे ओढला होता. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात मी मराठी टायपिंग करत असे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लोणच्याची लेबलं असली कामं. तिथे कुणी परका पुरुष हात बघायला मागेल, तर तुम्ही तरी दाखवाल का? पण हे गृहस्थ भुताच्या गोष्टी लिहीत. मुंबईच्या प्रकाशकांकडून त्या एकेक करून परत आल्या होत्या, म्हणून ते स्वतःच पुस्तक काढायला निघाले होते. वाचणारं माणूस घाबरतं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. आणि पहिली वाचणारी मीच होते, कारण टाइप मलाच करायचं होतं.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते स्टोअरकीपर होते. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी भर दुपारी यायचे. त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. लाइट गेली की शेजारची जीन्स शिवायची मशिनं एकदम थांबायची, गल्ली चिडीचूप व्हायची आणि माझा कॉम्प्युटरही बंद. हीच त्यांची वाचायची वेळ. मी म्हटलं, भुताची गोष्ट रात्री वाचावी की नाही? तर म्हणाले, "रात्री कुणीही घाबरवेल, ताई. दुपारी उभं राहील ते भूत."

हे मला पटलं, कारण माझं माहेर पालेगावचं. आमची आई चिंचेकडे बोट दाखवून म्हणायची, "भर बाराला तिथून जाव नको." हे सांगितल्यावर त्यांनी मला ती चिंच फांदीफांदीने विचारली. मग जरा खिन्न होऊन म्हणाले, "तुमची मजा आहे. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नाही, त्यामुळे भूतही नाही. मला सगळं नव्याने बनवावं लागतं."

बनवायचे मात्र विचित्र. त्यांचं भूत फार सभ्य असे. दार वाजवल्याशिवाय आत येत नसे, आल्यावर "जेवलात का?" विचारी, मुलांची चौकशी करी आणि उशीर झाला म्हणून निघून जाई. एकदा मी बोलून गेले की याला चहा विचारावासा वाटतो. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. "म्हणजे फसलं," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं. लग्न झालेलं नव्हतं, राहायचे मोठ्या भावाच्या घरी, आणि गोष्टींत मात्र येईल ते भूत गप्पा मारायला यायचं. हे त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पहिलं पान उघडलं आणि थांबले. वर लाल अक्षरांत छापलं होतं, ॥ श्री गणेशाय नमः ॥. मी ते घातलं नव्हतं. पानं छपाईला जाताना शेठने लग्नपत्रिकेतली ओळ उचलून स्वतःच्या हाताने बसवली होती.

"साईं, भूत का किताब अपने दुकान से पहली बार जा रहा है," शेठ म्हणाले. "वर गणपती नाय टाकला तर माझा मशीन बंद पडेल."

"गणपती दारात बसल्यावर भूत आत येणार कसं, शेठ?" म्हणत ते आधी हसलेच. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही घाबरलात? हात दाखवा."

शेठने दाखवला. हातभर केस, त्यात सोन्याचं कडं. काटा असता तरी सापडला नसता. "अरे, मी वाचला कुठे? नाव ऐकूनच टेन्शन आला," शेठ म्हणाले. तसे आमचे लेखक मान हलवून म्हणाले, "न वाचता घाबरलेलं धरायचं नसतं."

पहिली प्रत भावासाठी होती. दादा नोकरीतून आले की विहारात जायचे, मुलांचे वर्ग घ्यायचे. धाकट्या भावाचा भुतांचा नाद त्यांनी कसाबसा गिळला होता. पुढच्या शुक्रवारी मी विचारलं, दादा काय म्हणाले? "भुतं सहन केली म्हणाले. वर गणपती कोणी घातला विचारलं. मी दुकानाचं नाव सांगितलं. तर म्हणाले, पुस्तक तुझं आहे ना?"

आम्ही दोघांनी बसून सगळ्या प्रतींतल्या त्या ओळीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. शेठने डिंक आणि चहा दिला, अधूनमधून "सॉरी हां, साईं" म्हटलं. पण पान उजेडात धरलं की लाल अक्षरं दिसायचीच. घरी ते ताटावर बसले की दादा उठून जायचे. भांडण असतं तर मिटलं असतं. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी बदलापूरला भाड्याने ब्लॉक घेतला.

बिल्डिंग कोरी होती. बाकीचे ब्लॉक लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेले. चार मजल्यांत हे एकटे आणि खाली वॉचमन. "लेखकाला शांतताच लागते," असं ते म्हणायचे. पण शुक्रवारी आले की उठायचं नाव घेत नसत. शेठने शटर अर्धं ओढलं तरी बसलेले असायचे.

त्या ब्लॉकमध्ये लिहिलेली एकच गोष्ट त्यांनी आणली. लाइट गेलेली होती. त्यांनी नेहमीच्या संथ आवाजात वाचायला घेतलं.

एका रिकाम्या बिल्डिंगमध्ये एक माणूस राहतो. रोज कामावरून आला की प्रत्येक कुलूपबंद दाराची बेल वाजवतो. थोडा थांबतो, "कोणी नाही वाटतं" म्हणतो आणि पुढच्या दाराशी जातो. सगळी दारं झाली की आपल्या घरी येऊन भात लावतो. एक दिवस भात शिजत असताना त्याचीच बेल वाजते. त्याला उठवत नाही. बाहेर कुणीतरी थोडं थांबतं. मग आवाज येतो, "कोणी नाही वाटतं." आणि पावलं जिना उतरून जातात.

संपलं. ते काही बोलायच्या आतच मी हात पुढे केला.

ते वाकले. चष्मा कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. "आला," ते हळूच म्हणाले. "शेठ, बघा, आला." शेठही उठून बघून गेले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "तुम्ही खरंच वाजवता बेल?"

"गोष्ट आहे, ताई," ते म्हणाले. कागदाची घडी घालत होते. मग म्हणाले, "सणावाराला वाजवतो कधी. कुणी आलं असलं तर."

मी भुताला घाबरले नव्हते. या माणसासाठी घाबरले होते. ते त्यांना सांगितलं नाही. काटा आला होता, तेवढा त्यांना पुरेसा होता.

ती एकच गोष्ट छोट्या पुस्तिकेसारखी छापायचं ठरलं. छापून आली तेव्हा पहिलं पान शेठने मुद्दाम मला उघडून दाखवलं. वर काही नव्हतं. पण शुक्रवार येत गेले आणि ते आले नाहीत. कंपनी गुजरातला हलली होती आणि नोकरी टिकवायची तर जाणं भाग होतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, एका शुक्रवारी दुपारी, शेठला सांगून मी गठ्ठा घेऊन बदलापूरला गेले.

खाली वॉचमन दिसला नाही. दोन-तीन ब्लॉकमध्ये आता बिऱ्हाडं आली होती, एका गॅलरीत लहान मुलाचे कपडे वाळत होते. मला बरं वाटलं. चौथ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी जाऊन मी बेल वाजवली. आत ती लांबवर वाजल्यासारखी वाजली. गठ्ठा या हातातून त्या हातात घेत मी थोडा वेळ थांबले. पुन्हा वाजवली.

"कोणी नाही वाटतं," मी म्हणाले.

आणि आपणच काय बोललो ते ऐकून तिथेच उभी राहिले. मग गठ्ठा खाली ठेवला आणि त्या बंद दारापुढे हात पालथा धरला.