पाळ सोडायची नाही

देवरीकडच्या दुधराम कोहळ्याला जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी कळायचा. तलाव बांधणं कोहळी जातीच्या रक्तातच. पण गावचे तलाव आज्यापणज्यांनीच बांधून ठेवलेले, नातवाने करायचं काय? १९०९ साली तो एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर बोटीने ब्रह्मदेशात गेला. बायको, सुमित्राबाई, तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. "दोन वर्सात येतो," म्हणाला.

ठेकेदाराशी त्याचं पटलं नाही. तो गडी माती टाकायचा आणि न दाबताच पुढे पळायचा. दुधरामने टोळी सोडली आणि एकट्याच्या हिमतीवर तलावांची कामं धरली. तलावाची नवी पाळ, म्हणजे मातीचा बांध, एक पावसाळा तरून जाईपर्यंत बांधणाऱ्याने जागा सोडायची नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. परमुलखात कोण विचारतो? पण हा पठ्ठ्या हलायचा नाही, आणि म्हणूनच त्याची एकही पाळ फुटली नाही. उन्हाळाभर माती, पावसाळाभर राखण, आणि पाणी ओसरलं की पुढच्या गावचा माणूस दारात हजर. सुमित्राबाईला दरवर्षी पत्र जाई, एवढी एक पाळ झाली की येतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिकडे नाव झालं, इकडे मुलगी शामकला बापाला न पाहताच सासरी गेली.

१९२८च्या वैशाखात जावयाचं, केवलरामचं, कार्ड आलं : शामकलाच्या आईची तब्येत बरी नाही, येऊन जा. नवी पाळ ओली होती आणि तिच्या खाली चाळीस घरं. दुधराम स्टेशनापर्यंत गेला आणि माघारी फिरला. चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही, बरोबर केलं असंही म्हणवत नाही. श्रावणात पाळीला पाझर फुटला, तो त्यानेच हेरला आणि दिवसभर खपून बुजवला. घरं वाचली.

आश्विनात तो घरी पोचला तेव्हा सुमित्राबाईला जाऊन तीन महिने झाले होते. आईच्या दुखण्यासाठी माहेरी आलेल्या शामकलाने पाय धुवायला पाणी दिलं, पाहुण्यासारखं पाटावर बसवलं.

"तुह्या मायनं माह्यासाठी काई सांगतलन का?" त्याने विचारलं.

"म्हने, त्याईले बलावू नोका, पाळ ओली असन. तुमच्या जवायानं तिले न सांगता कार्ड टाकलन."

सुमित्राबाईने सारं समजून घेतलं होतं, रागवायलासुद्धा मागे राहिली नाही.

"आता कुठी नाही जात, पोरी. इथंच राहतो."

शामकलाने ताटात भात वाढला.

"राहा ना, बाबा. पन आमी परवा सासरी चाल्लो. तुमी याल म्हनून मायनं मरताना थांबवलन होतं."