फोटोतलं पाणी

"हास नं जरा! मयतीले आली का?"

सरपंच माझ्यावर खेकसले. मी हसले. डोक्यावर भरलेला हंडा, शेजारी चकचकीत नळ, मागे सरपंचाच्या गोठ्याची भिंत. पंचायतीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं मोबाईल तिरका धरून माझा फोटो काढला आणि सरपंचाला दाखवला.

"झालं. आता हंडा रिकामा कर अन् जाय."

मी तशीच उभी. वाटलं, गंमत करत असतील.

"काऊन थांबली? ढोराइचं पाणी हाय ते. फोटोपुरतं देल्लं होतं."

म्हशींच्या हौदात मी हंडा उलटा केला. एका म्हशीनं लगेच तोंड घातलं. रिकामा हंडा काखेत मारून, अख्ख्या गावातून, मी नाल्यापलीकडे आमच्या बौद्धवस्तीत परत आले. सासूबाई दारात वाट बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

वस्तीत नळ नाहीत असं नाही बरं का. घरोघरी तोट्या बसवून गेलेत. फक्त पाईप नाल्याच्या गावाकडच्या काठालाच थांबला. आमच्या तोटीला आम्ही शेळी बांधतो. तेवढा उपयोग आहे.

पुढे बचत गटाच्या बायकांना जीपनं धाड गावी एका प्रशिक्षणाला नेलं. शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या गावात कोणतं काम झालं ते सरकारच्या वेबसाईटवर कोणालाही बघता येतं, तक्रारही करता येते. आम्हाला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. मी मोबाईलवर गावाचं नाव टाकलं. फोटो उघडला. मी! हंडा घेऊन हसणारी. वर आमच्या वस्तीचं नाव, खाली लिहिलेलं: काम पूर्ण, लाभार्थी समाधानी. फोटो कुठे काढला ते नकाशावर दिसत होतं. टिंब सरळ सरपंचाच्या गोठ्यावर. तेही कोणी लपवलं नव्हतं. आमच्यापैकी कोणी बघायला जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

माझ्याच हसण्याची मला शिसारी आली. परतताना जीपमध्ये बसल्या बसल्या मी तक्रार टाकली.

थोड्याच दिवसांत कॉम्प्युटरवाल्याचा फोन. "वहिनी, मोबाईलवर नंबर आला असन. सांगा."

आमच्या गावात ओटीपी सांगायचा असतो. रेशनचा असो, विम्याचा असो, त्याचा फोन आला की म्हातारी माणसंसुद्धा नातवाकडून वाचून घेतात आणि अंगणातून ओरडून सांगतात. कशाचा, हे कोणी विचारत नाही. मी विचारलं.

"कायचा नंबर?"

तो गडबडला. "तुमची तक्रार मिटवाची हाय. नंबर टाकला का मिटते."

"पानी आलं का?"

"येईन ना. आधी मिटवा."

"आधी पानी," म्हणाले आणि फोन ठेवला.

ग्रामसभेत सरपंचांनी मला उभं केलं. आम्ही वस्तीतल्या बायका मागे, चपलांजवळ बसतो. तीच आमची जागा, असं ठरलेलं आहे.

"हिच्या एका नंबरापायी गावाचं काम अर्धवट दिसून राह्यलं. मोबाईल काय हातात आला, लय शानी झाली! सासूच्या घरकुलाचा ठराव अजून माह्याच हातात हाय, इसरू नको."

लोक हसले. कुडाच्या घरात सासूबाईंचा जन्म गेला. त्या घरकुलावर त्यांचा जीव आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"पाटील, घरकुलात राहून काय करू? पानी तं तिथंबी लागन."

मग माझा आवाज फुटला. "फोटोत मीच हावो, पाटील. पन पानी तुमच्या म्हशीनं पेलं. समाधानी ते हाय. नंबर तिले मांगा!"

सरपंचांनी सभा उरकली.

घरकुलाचा ठराव झाला नाही. पाणीही आलं नाही. पण वस्तीतल्या बायकांनी तक्रारी टाकल्या. प्रत्येकीनं आपल्या दारातल्या कोरड्या तोटीचा फोटो काढला. आमच्या फोटोत शेळीसुद्धा आहे. आता कॉम्प्युटरवाल्याचा फोन घरोघरी वाजतो आणि घरोघरी त्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो: पाणी आलं का?

माझ्या मोबाईलवर अजून नंबर येतो. थोडा वेळ थांबतो आणि बाद होतो. मी त्याला बाद होऊ देते. ज्या दिवशी माझ्या दारातल्या तोटीला पाणी येईल, त्या दिवशी हंडा भरीन, घरात नेऊन ठेवीन, त्यातलं तांब्याभर पाणी सासूबाईंना देईन. मग नंबर टाकीन. माझ्या बोटानं. तोवर वाजू दे फोन.