धुमाळभाऊंचा डावा कान

धुमाळभाऊंशी कुणी बोलायला गेलं की ते तोंड फिरवायचे. नव्या माणसाला वाटे, काय घमेंडखोर म्हातारा आहे! खरं म्हणजे ते डावा कान पुढे करत असत. उजवा कान धुमाळ पार्टीने, म्हणजे विदर्भातल्या वरातीच्या बँडने, खाल्ला होता. वीस वर्षं वरातीच्या गाडीवर ढोल-ताशांना खेटून त्यांनी बेंजो वाजवला आणि तो कान जवळजवळ तिथेच ठेवून आले. हे नावही त्या पार्टीचंच. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात त्यांच्या वीजबिलाखेरीज कुठे दिसत नसे. "बोल, बोल, चालू कान इकडं हाये," असं ते म्हणत, आणि समोरच्याला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळत नसे. मी कानांच्या डॉक्टरांकडे श्रवणतपासणीचं काम करते, तेव्हा त्या कानाबद्दल लिहायचा अधिकार मला आहे असं कुणाला वाटेल. माझ्याइतका कमी अधिकार दुसऱ्या कुणालाही नाही.

नवऱ्याचं घर सोडून मी वर्ध्याला आले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. भाऊंनी फक्त एक प्रश्न विचारला. "आवाजाचा तरास तं नाई ना तुले?" मी म्हटलं, नाही. "मंग राह्य." झाली मुलाखत. भाऊ एकटेच राहायचे. खालच्या मागच्या खोलीत मी, वर नालेदी नावाची बोट्स्वानाची मुलगी. ती सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकायला होती. तिला तर गावात दहा घरांनी तोंडावर दार लावलं होतं, आणि त्याचं कारण सांगायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

नालेदीने पहिल्याच आठवड्यात तिच्या छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. भाऊ जिना चढून वर गेले. घरमालक आला म्हणून तिने घाबरून ते बंद केलं, तर हे भडकले. "बंद काऊन केलं वो? लाव, लाव!" दोघांचंही हिंदी मोडकं, त्यामुळे संभाषण पायांनी झालं. भाऊ चपलेने फरशीवर ठोके देत राहिले, एकसारखे, चार-चार, आणि नालेदी हसत सुटली. त्या गाण्यात ढोल होता, पण वरातीतल्यासारखा अंगावर येणारा नव्हता. तो खालून धरून ठेवत होता आणि वर एक बाई रडावं की गावं हे न ठरवता गात होती. भाऊ तास दीड तास तिच्या दारात बसून होते.

या गाण्यांना हाउस संगीत म्हणतात. ते कुणाचं, हे नालेदीने आम्हाला हळूहळू सांगितलं, ती इंग्रजीत आणि मी भाऊंसाठी मराठीत. तिच्या देशात ते घरोघर वाजतं, पण जन्म शिकागोतला. तिथली काळी पोरं, क्लबच्या दारातून परत पाठवलेली. त्यांतले कितीतरी पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, म्हणजे स्वतःच्या घराच्या दारातूनही परत पाठवलेले. डिस्को ही त्यांच्या नाचाची गाणी. ती मोठी झाली, सगळ्या जगाची झाली, मग लोकांना त्यांचा राग आला आणि एका मैदानात तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवला गेला. ज्यांची गाणी उडवली त्यांनी हातात उरलेल्या तबकड्या घेतल्या, कुणी विचारत नव्हतं अशी ठोके वाजवणारी स्वस्त यंत्रं घेतली, चर्चमध्ये गाणाऱ्या बायांचे गळे घेतले आणि जुन्या गोदामात नाच मांडला. 'हाउस' हे नावही तशाच एका जागेवरून पडलं म्हणतात. पुढे एड्सने त्या फरशीवरून भराभर माणसं उचलली. उरलेले नाचत राहिले.

भाऊंनी हे सगळं डावा कान पुढे करून ऐकलं. मग म्हणाले, "वरातीत आमी सगळ्याइच्या पुढं राहो. जेवाले मांडवाच्या मागं. विचार तिले, त्याईचंबी असंच होतं का?" नालेदी म्हणाली, तसंच. मी उत्साहात बोलून गेले, म्हणजे अगदी आपल्यासारखंच! तर माझ्यावर उखडले. "आपल्यासारखं कायचं? त्याईचं दुख त्याईचं हाये. आपण गाणं मांगून आणलं, इतकं ध्यानात ठेवजो."

आणि मग भाऊंना झपाटलं. डीजेवाल्यांनी धुमाळचा धंदा बसवला तेव्हापासून हा माणूस लाउडस्पीकरची किरकोळ दुरुस्ती करत दिवस काढत होता. त्याने दोन जुने प्लेअर, एक मिक्सर आणि स्पीकरचे चार बॉक्स जमवले. आंजीच्या रस्त्याला एक बंद पडलेली जिनिंग होती, कापसाची धूळ अजून भिंतींना चिकटलेली. मालकाच्या घरच्या सगळ्या वराती भाऊंनी वाजवलेल्या, त्यामुळे त्याने रविवारी दुपारी तीन ते सहा शेड वापरायला दिली. तिथे आमचं हाउस सुरू झालं. सुरुवातीला भाऊ बॉक्सला हात लावून मोठ्याने म्हणायचे, "हे शिकागोच्या काळ्या लोकाइचं गाणं हाये. त्याईले नमस्कार." हे म्हटल्याशिवाय एकदाही ठोका पडला नाही.

दुपारी तीनला नाचायला कोण येणार? तेच आले, ज्यांना दुसरीकडे कुठे नाचता येत नव्हतं. रेश्मा आली, जिला लोक लग्नात टाळ्या वाजवायला बोलवत आणि नाचली की चिडवत. दोन नर्स आल्या, हॉटेलातला एक वाढपी आला, आंजीच्या दोन विधवा सुना घरी भजनाला जातो असं सांगून यायच्या. आणि मी. माझं सांगते. लग्नाच्या सात वर्षांत मी हात डोक्याच्या वर नेला तो फक्त मार चुकवायला. त्या शेडमध्ये पहिल्यांदा दोन्ही हात वर केले आणि धाय मोकलून रडले. कुणी जवळ आलं नाही, कुणी गाणं थांबवलं नाही. बाजूला रेश्मा नाचत राहिली. त्या तीन तासांवर मी आठवडा काढायची. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरंच तेवढ्यावर जगत होते.

भाऊंचा कायदा एकच. दोन गाण्यांच्या मध्ये खंड पडता कामा नये. एक गाणं बाहेर वाजत असताना दुसरं हेडफोनमध्ये डाव्या कानाने ऐकायचं, त्याची गती बोटाने ढकलत-रोखत पहिल्याशी जुळवायची आणि ठोका ठोक्यावर बसला की हळूच सोडायचं. नाचणाऱ्याला कळूही नये की गाणं बदललं. नालेदीने सांगून पाहिलं की हल्ली मशीन हे आपोआप करतं. भाऊ म्हणाले, "मशीन गाणे जुळवते. आपल्याले माणसं जुळवाचे हायेत." प्लेअर-मिक्सरच्या टेबलाला मात्र कुणी हात लावायचा नाही, रेश्मानेही नाही.

शिक्षण संपवून नालेदी मायदेशी गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी रेश्मा भाऊंना जवळजवळ ओढत माझ्याकडे तपासणीला घेऊन आली. चार दिवसांपूर्वी सकाळी उठले तर डाव्या कानात कापूस बसल्यासारखं झालं होतं म्हणे. भाऊ म्हणत होते, "काई नाई वो, मळ असन." मी फार पूर्वी त्यांना थट्टेत म्हटलं होतं, भाऊ, हा कान गेला ना, तर डॉक्टर पहिले तुमचे बॉक्स बंद करतील. ते वाक्य त्यांनी विसरावं अशी माझी इच्छा होती. ते विसरले नव्हते.

तपासणी साधी असते. काचेच्या खोलीत माणूस बसतो, कानाला हेडफोन. मी बाहेरून बारीक होत जाणारे आवाज सोडते. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. आम्हाला शिकवताना पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावतात: आवाज कधीही सारख्या अंतराने सोडू नका, माणूस अंदाजाने दाबू लागतो. मला हे पाठ आहे. पण समोर भाऊ बसले होते आणि माझं बोट दोन वर्षं त्यांच्याच ठेक्यावर वाढलं होतं. मी तीन ठोके सोडून चौथ्यावर आवाज देत गेले. दिवा लागत गेला. मी आवाज कमी करत गेले, दिवा लागत गेला. डाव्या कानाचा अगदी शाळकरी पोराचा असावा तसा आलेख निघाला.

साठीतला माणूस, ढोलाशेजारी वीस वर्षं उभा राहिलेला, आणि चार दिवसांपासून कान भरल्याची तक्रार. मी त्या आलेखाकडे पाहिलं. मग सही केली. डॉक्टरांनी तो पाहून मळाचे थेंब दिले. रविवारी आम्ही नाचलो.

पुढचे तीन रविवार भाऊ एकेक गाणं लांबवत राहिले, बदलायचेच नाहीत. घरीही मी काही बोलले की नुसती मान हलवायचे. आम्हाला वाटलं, लहर आहे. चौथ्या रविवारी त्यांनी गाणं बदललं आणि दोन ठेके एकमेकांना सोडून पळाले. असं ऐकवत नाही ते! जिन्यावरून दोन माणसं गडगडत यावीत तसा आवाज. आमचे पाय अडकले, एकेक जण थांबला. भाऊ मात्र डोळे मिटून मान डोलावत होते. अख्खी शेड उभी आहे, कुणी हलत नाही, आणि हा माणूस समजतो आहे की आम्ही नाचतोय. शेवटी रेश्मा टेबलाजवळ गेली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. आम्हाला सगळ्यांना उभं पाहिलं. मग त्यांनीच बटण शोधून आवाज बंद केला.

सोमवारी मी त्यांना पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं. पहिले मोठे आवाज दिले, दिवा लागला. तसाच चौथ्या-चौथ्यावर हात चालवला, दिवा लागत राहिला. मग मी हात मांडीवर ठेवला. काहीही सोडलं नाही. दिवा लागला. पुन्हा लागला. माझ्याकडून जराही आवाज जात नव्हता आणि आत भाऊ ताठ बसून, शाळेत पाठांतर म्हणणाऱ्या मुलासारखे, बरोबर चौथ्या ठोक्यावर बटण दाबत होते. मी दाराशी जाऊन उभी राहिले तरी त्यांचा अंगठा थांबेना. त्यांचा चेहरा किती आशेने भरलेला होता, ते मला आयुष्यात पुन्हा पाहायचं नाही.

बाहेर येऊन म्हणाले, "आला ना बराबर?" मी कागदावर लिहिलं, भाऊ, मी आवाज सोडलाच नव्हता. त्यांनी वाचलं. कागदाची घडी केली. "पयल्या खेपेलेबी असंच केलतं मी," ते म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात, बाहेर बसलेल्या पेशंटांना सगळं ऐकू जात होतं. "पयले चार-पाच आयकू आले. मंग तुहा हात बराबर चौथ्यावर पडे. मले वाटलं, चार दिवसात कान सुटन, तवरक बॉक्स तं वाचले." डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. अचानक कान जातो तेव्हा पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची आशा असते. ते दिवस माझ्या सहीखाली गेले होते. औषध दिलंच, नागपूरलाही दाखवलं. कान परत आला नाही. उजव्यात जे थोडं उरलं होतं त्यावर माणसाचं बोलणं कळत नसे, गाणं तर दूरच.

रेश्माने दोन रविवार मोबाईलवर गाणी लावून पाहिली. तिसऱ्या रविवारी आम्ही चौघं होतो. मग जिनिंगला कुलूप लागलं. नालेदी अजून नवी गाणी पाठवते, भाऊंना ऐकव म्हणून. मी तिला सगळं कळवलं आहे, तरी पाठवते. मी ती उघडलेली नाहीत.

उन्हाळ्यात भाऊंचा धाकटा भाऊ आंजीहून टेम्पो घेऊन आला. एकट्या बहिऱ्या माणसाने घर चालवणं जमेना, त्यामुळे ते गावी निघाले होते. बॉक्स रेश्माला देऊन टाकले होते. गादी, स्टोव्ह, दोन पेट्या एवढंच सामान. सगळं चढवून झालं तेव्हा त्यांनी मला अंगणात बाजूला बोलावलं. मी सवयीने वही काढली. त्यांनी ती मिटवली.

"लिवू नको. मान हलव नुसती. पयल्या खेपेले तुले शंका आलती का, मी खोटं दाबून राह्यलो म्हून?"

आली होती. त्या आलेखाकडे बघताक्षणी आली होती. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची असते, दहा मिनिटांचं काम. मी केली नाही, कारण त्या दिवशी शुक्रवार होता आणि दुसऱ्या खेपेला खरा आलेख निघाला असता तर मला रविवार मिळाला नसता. त्यांनी बॉक्स वाचवले आणि मी माझे तीन तास वाचवले, आणि दोघांनी मिळून त्यांचा कान घालवला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे होते.

मी मान हलवली. नाही.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "मले तुहीच फिकीर होती. माहीत असून गप राह्यली असती, तं तुले जलमभर खाल्लं असतं त्यानं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि टेम्पोत जाऊन बसले.